आषाढातलं कोरडं मीठ

आषाढात मीठ मोकळं राहिलं, तेव्हाच वैजयंतीला संशय यायला हवा होता.

महाबळेश्वरच्या पठारावर पावसाळ्यात मीठ मोकळं राहत नाही. बरणीतलं मीठ जूनअखेर गोळा होतं, जुलैत पाझरायला लागतं आणि ऑगस्टात त्याला मीठ म्हणायचं की खारं पाणी, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. काडेपेटीतली काडी ओढली तर गुल तेवढा निघून येतो. कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी चढते. अशा मुलखात वैजयंती केळगणेनं सकाळी आमटीत घालायला मीठ घेतलं, तर ते चिमटीतून वाळूसारखं सुटलं. बाई खूश झाली. एरवी भाजीवालीच्या काट्याकडेही दोनदा वाकून बघणारी. पण आपल्या फायद्याच्या गोष्टीत कुणी खोड काढत बसत नाही.

या चमत्काराचं नाव होतं काठ. 

केळगणे आळीतलं त्यांचं घर म्हणजे सासऱ्यांनी बांधलेली एकच लांब इमारत. मधोमध जांभ्याची भिंत. भिंतीच्या पश्चिमेला थोरला प्रल्हाद आणि त्याची बायको वैजयंती, पूर्वेला धाकटा हिंदुराव आणि त्याची बायको शकुंतला. छप्पर एक, पन्हळही एकच. पाऊस यायच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, दोन्ही भाऊ रानातल्या लांब गवताच्या झडी विणून छपराच्या कडेपासून जमिनीपर्यंत भिंतींना बांधत. त्याचाही नियम ठरलेला होता. धाकट्याची झडी आधी बांधायची आणि थोरल्याची तिच्या कडेवर हातभर चढवायची, म्हणजे पश्चिमेकडून झोडपणारा पाऊस सांध्यातून आत घुसत नाही. भावाभावांत बोलणं बंद असलं, तरी त्या दिवशी तो हातभर सांधा चुकत नसे.

मागच्या वर्षी तो चुकला, कारण प्रल्हादनं काठ बसवून घेतला आणि काठावर गवत चालत नाही.

काठ म्हणजे छपराच्या कडेनं, पन्हळीच्या वर बसवायची चार बोटं रुंद करडी पट्टी. तिच्यात हातभर अंतरानं हरभऱ्याएवढ्या कळ्या. तशाच कळ्यांच्या माळा घराच्या आतून भिंतींवर उतरवलेल्या. कळीचं काम एकच, आपल्या आसपास ओल किती ते सांगत राहायचं. पाऊस कुठून येतोय ते ओळखून पट्टी झडपा मिटते, पन्हळीचं तोंड फिरवते, कौलांखालची दमट हवा बाहेर काढते. इथवर कुणालाही समजेल. खरी करामत भिंतीच्या पोटात होती. जांभा दगड म्हणजे सगळा छिद्रांचा कारभार, आणि बारीक छिद्रांत शिरलेलं पाणी विजेनं ढकलता येतं. भिंतीत एकीकडे धन टोक आणि दुसरीकडे ऋण टोक बसवून हाताला कळणारही नाही इतका मंद प्रवाह सोडला, की पाणी छिद्राछिद्रांतून ऋण टोकाकडे सरकत जातं.

ही युक्ती जुनीच. नवं एवढंच, की कुठं, किती आणि कुणीकडे ढकलायचं हे आता पट्टी स्वतः शिकत होती. सगळ्या डोंगरपट्ट्यातल्या हजारो घरांचे आकडे एकत्र होत आणि प्रत्येक पट्टीला एकच पाठ दिलेला होता: तुझ्या कळ्यांचा आकडा खाली आण. तो कसा आणायचा, ते तिचं तिनं बघायचं.

आणि तिनं तो आणला होता. प्रल्हादच्या उशाशी लावलेला छोटा पडदा सदा हिरवा असे. दर दोन तासांनी एक गोड बाई त्यातून बोले, "आपलं घर कोरडं आहे. काळजी नसावी."

प्रल्हादला ते ऐकायला फार आवडे. तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढउतार केलेला हा माणूस गेली पाच-सहा वर्षं पावसाळा आला की अंथरुणाला खिळायचा. छातीत शिट्ट्या वाजायच्या. उशाशी प्राणवायूचं यंत्र, नाकाला नळी, आणि भिंतीवरची ओल जसजशी वर चढेल तसतसा त्याचा श्वास खाली उतरायचा. डॉक्टरनं सांगितलं होतं, बुरशीचा कण या माणसाला विष आहे. काठ आला त्या पावसाळ्यात मात्र प्रल्हाद आपल्या पायांनी आळीच्या टोकापर्यंत जाऊन आला. वैजयंतीनं देवापुढे साखर ठेवली. सतत ढासणाऱ्या माणसाशेजारी पाच पावसाळे काढले होते तिनं. त्या शांत झोपेची किंमत तिला ठाऊक होती.

त्याच पावसाळ्यात भिंतीच्या पलीकडे शकुंतलेच्या कांदे ठेवायच्या खोलीला ओल धरली.

"आक्का, सांध्यावर हातभर झडी टाकली असती तर तुमच्या काठाचं काय बिघडलं असतं?" शकुंतलेनं परसात गाठून विचारलं होतं.

"कळ्यांवर गवत चालत न्हाय, शकू. कंपनीची माणसं सांगून गेल्यात."

"कंपनीला माझी भिंत दिसत न्हाय न्हवं."

वैजयंतीनं तेव्हा ते मनावर घेतलं नाही. तिचा संशय वेगळाच होता. हिंदुराव जन्माचा आळशी; त्याच्या बाजूची पन्हळ पालापाचोळ्यानं तुंबली असणार आणि खापर मात्र आपल्यावर. एकदा दुपारी स्टुलावर चढून ती सांध्यापाशी डोकावूनही आली. पन्हळ स्वच्छ होती. खाली उतरताना दिसलं, शकुंतला खिडकीतून तिच्याकडे बघत होती आणि नजर काही बरी नव्हती. घरात नळी, पट्टी, कळ्या बसवून घेणारी जाऊ आपल्या सांध्यापाशी चढून काय करतेय, असा प्रश्न कुणालाही पडला असता.

दोघी एकमेकींना बोलल्या काहीच नाहीत, आणि तसा वर्षभराचा काळ गेला.

या वर्षी प्राजक्ता बाळंतपणाला माहेरी आली. हिंदुराव-शकुंतलेची ती एकुलती लेक. पण निम्मी वाढली ती वैजयंतीच्या मांडीवर. वैजयंतीला मूल नव्हतं. प्राजू तिला मोठ्याई म्हणायची आणि लहानपणी रुसली की उशी घेऊन सरळ भिंतीच्या या बाजूला झोपायला यायची. वैजयंतीनं चार महिने आधीपासून दुपटी शिवून ठेवली होती, जुन्या मऊ लुगड्यांची, एकूण अठरा.

बाळंतिणीची खोली ठरली ती मधल्या भिंतीला लागून, कारण घरातली तीच आडोशाची. आषाढाच्या पहिल्या आठवड्यात मुलगी झाली. पाचव्या दिवशी पाचवीच्या पूजेला वैजयंती दुपटी घेऊन गेली.

खोलीत शेगडी पेटलेली होती, ओव्याचा धूर कोंडला होता, दोरीवर लंगोट टांगलेले. आणि त्या सगळ्या वासांच्या खालून बुरशीचा वास येत होता. वैजयंतीला तो ओळखायला क्षणही लागला नाही. पाच पावसाळे तो तिच्या घरात राहून गेला होता.

"बघू गं माझी चिमणी," म्हणत ती पाळण्याकडे वाकली.

शकुंतलेनं हातातलं दुपटं पोरीच्या तोंडावर ओढलं. अगदी सहज, माशी वारावी तसं. "निजलीय, आक्का. आताच निजलीय. सर्दीनं नाक चोंदलंय तिचं, घुरघुर करतीय रातभर."

दुपट्याखाली पोर चांगली हातपाय झाडत होती. वैजयंतीनं पुढं केलेला हात मागं घेतला. मूल नसलेल्या बाईपासून मूल झाकतात, हे तिनं इतरांच्या घरी पाहिलं होतं. पण ते शकूच्या हातून, प्राजूच्या लेकीवर होईल असं तिला वाटलं नव्हतं. ती तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिली, डोळ्यांतलं कुणाला दिसू नये म्हणून.

म्हणूनच तिला ते दिसलं. पाळण्याच्या वर, भिंतीवर, ओलीचे काळसर गोल डाग होते. एका रेषेत. एक डाग, मग हातभर कोरडं, मग दुसरा डाग, पुन्हा हातभर कोरडं. तिनं नकळत वीत टाकून मोजलं. दोन वीत, डाग. दोन वीत, डाग.

छपराचं पाणी वेडंवाकडं उतरतं, कौल फुटलं असेल तिथून ओघळतं, कोपरा गाठतं. टेप लावून कुठलं पाणी उतरतं?

घरी येऊन तिनं आपल्या बाजूची कळ्यांची माळ मोजली. हातभर अंतर. प्रत्येक कळीच्या मागं काठवाल्यांनी भिंतीत खोल सळई बसवली होती, ते तिला आठवलं. इतकी खोल, की बसवणारा म्हणाला होता, "आरपार नाही गेली हो, पलीकडच्या गिलाव्याच्या आत थांबवलीय."

वैजयंतीला विजेतलं काही कळत नव्हतं, पण मिठातलं कळत होतं. दुसऱ्या दिवशी शकुंतला देवीला गेलेली बघून ती भिंतीपलीकडे गेली. पदराखाली पाच स्टीलच्या वाट्या, प्रत्येकीत दोन चमचे मीठ.

"हे काय, मोठ्याई?" प्राजक्ता पलंगावर उठून बसली.

"ओल बघायचीय. आईला सांगू नगंस, आधीच तिचं डोकं फिरलंय माझ्यावर. तीन वाट्या डागांच्या खाली ठिव, दोन त्या तिकडच्या भितीला. उद्या सांग मला."

तितक्याच वाट्या तिनं आपल्या घरात तितक्याच उंचीवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या पाचही वाट्यांतलं मीठ जसंच्या तसं होतं. पलीकडच्या दूरच्या भिंतीजवळच्या दोन वाट्यांत ते जरा घट्ट झालं होतं, पावसाळ्यात होतं तितपत. आणि डागांखालच्या तिन्ही वाट्यांत नुसतं पाणी.

हे परसात थांबलेल्या वैजयंतीला सांगायला प्राजक्ता आपल्या मागच्या दाराशी आली तेवढ्यात आतून शकुंतलेचा आवाज चढला. ती पाळण्याखालची वाटी हातात धरून बाहेर आली, मागोमाग हिंदुराव.

"बाळंतिणीच्या खोलीत मीठ? पाळण्याच्या खाली? कुणावरनं उतरवून ठिवलंय, आक्का?"

"शकू, तसलं काय न्हाय. ओल किती हाय ते बघायला—"

"ओल बघायला मीठ लागतं? डोळं हायत की मला. वरीसभर बघतीय मी. तुमच्या घरात कोरडं ठणठणीत आणि माझ्या घरात, नेमकं पोरीच्या उशाला, टिळे लावल्यागत डाग. एका वळीत. पाणी असं येतं व्हय कधी?"

नेमकं हेच वैजयंतीलाही वाटलं होतं. फक्त दोघींची बोटं वेगवेगळ्या दिशेला होती.

"आई, मीच ठेवल्या वाट्या," प्राजक्ता म्हणाली.

"तू गप. तुला काय कळतंय. ज्या बाईला सवताला झालं न्हाय—" शकुंतला थांबली. पण जे बोलायचं ते बोलून झालं होतं. हिंदुरावनं मान खाली घातली. मग वाटीतलं पाणी उंबऱ्याबाहेर ओतत शकुंतला हळू आवाजात म्हणाली, "बाराव्या दिवशी येऊ नका, आक्का. पोरीचं बारसं हाय. मला भ्या वाटतं."

भ्या वाटतं, हे तिनं खरं सांगितलं. चीड असती तर वैजयंती उलटून बोलली असती. भीतीला काय उत्तर देणार. ती घरी आली आणि चुलीपुढं बसून मनसोक्त रडली. मग डोळे पुसून तिनं कंपनीला फोन लावला.

पडद्यावर एक तरतरीत मुलगी आली. तिनं केळगण्यांचे आकडे चाळले आणि हसून सांगितलं, "काकू, तुमच्याकडे सगळं हिरवं आहे. आमच्या पहिल्या दहा घरांत आहे तुमचं घर."

"ते दिसतंय मला. भिंतीतनं काढलेलं पाणी जातं कुठं, ते सांगा."

"बाहेर."

"बाहेर म्हणजी कुठं? मधल्या भिंतीला बाहेर न्हाय. पल्याड माझी जाऊ ऱ्हाते."

मुलीनं घराचा नकाशा उघडून बघितला. मग सरळपणे म्हणाली, आणि या सरळपणाबद्दल वैजयंतीनं पुढं तिला कधी वाईट म्हटलं नाही, "काकू, काठाला फक्त आमच्या कळ्या कळतात. पलीकडच्या बाजूला कळी नाही, म्हणजे त्याच्या हिशेबी तिथं ओलही नाही आणि माणूसही नाही. आधी तो पाणी भिंतीच्या पायाकडे उतरवायचा. पायाजवळच्या कळ्यांचा आकडा त्यानं वाढला. मग त्यानं मधल्या भिंतीतून आडवं ढकलून बघितलं आणि सगळेच आकडे खाली आले. त्याला वाटलं, हाच बरोबर रस्ता. आता डोंगरातल्या जोडघरांत तो सगळीकडे असंच करतोय. तुमच्या जाऊबाईंनीही काठ बसवला तर प्रश्न सुटेल."

"मग त्यांचा काठ पाणी कुठं ढकलंल?"

मुलीची नजर पुन्हा नकाशावर गेली.

"माझ्याकडं," वैजयंतीनंच उत्तर दिलं. "आणि माझा तिच्याकडं. दोन्हीकडनं रेटा बसला तर मधला जांभा भिजून चिखल व्हईल. बंद करा ते."

"पावसाळ्यात तो बंद होत नाही, काकू. झडपा मिटलेल्या असतात, पन्हळ उलटी फुटेल म्हणून तशी सोयच ठेवलेली नाही. ऑक्टोबरात माणूस पाठवते." तिनं जरा घुटमळून पुढं म्हटलं, "आणि दिशा बदलल्याचं आम्ही कळवलं होतं. मागच्या श्रावणातच. 'शेजारील बाजूस निचरा वाढवला आहे, चालेल का' असा निरोप आहे. तुमच्याकडून 'ठीक आहे' असं उत्तर आलंय."

वैजयंतीला निरोप वाचता येत होते, पण तिच्या फोनवर असला निरोप कधी आला नव्हता. काठ प्रल्हादच्या नावावर होता.

ती खोलीत गेली. प्रल्हाद उशीला टेकून बसला होता, चष्मा लावून, हिरव्या पडद्याच्या उजेडात. गेल्या वर्षभरात तिला कधी न जाणवलेल्या गोष्टी तिला एकदम आठवायला लागल्या. शकूच्या ओलीचा विषय निघाला की हा पाणी मागायचा. पाचवीला येत नाही म्हणाला, चालून दमलो म्हणाला. स्वतः तीस वर्षं तारा जोडलेल्या माणसानं या पट्टीबद्दल कधी एक प्रश्न विचारला नव्हता. संशयाचं हे असंच असतं. एक धागा हाती लागला की अख्खी वीण उसवत जाते.

"'ठीक आहे' तुमी लिवलं?"

प्रल्हादनं कसलं, काय, असं काहीच विचारलं नाही. चष्मा काढून पुसला.

"तवा प्राजूचं काय ठरल्यालं न्हवतं," तो म्हणाला. "रिकामी खोली हुती ती. कांदं ठिवायची शकू तिथं. मला वाटलं, कांद्याला काय हुतंय."

"आणि आता?"

"आता..." त्यानं पडद्याकडे बघितलं. "वैजे, मी आळीच्या टोकाला चालत गेलतो गं. माझ्या पायानं. परत नळी लावून चार महिनं छताकडं बघत पडायचं, ह्याचं मला भ्या बसलंय. रोज म्हणायचो, उद्या सांगतो."

"शकूनं मला काय काय म्हटलं, ते भितीतनं ऐकू आलं असंल की तुमास्नी."

प्रल्हादनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ऐकू आलं होतं.

वैजयंतीला नवऱ्याचा राग आला, आणि त्याहून जास्त राग या गोष्टीचा आला, की तिला त्याचं म्हणणं कळत होतं. काल कुणी तिला विचारलं असतं, रिकाम्या खोलीतले कांदे की नवऱ्याचा श्वास, तर तिनंही ठीक आहे असंच लिहिलं असतं. पण कुणी विचारलं नव्हतं. तिला न विचारता तिच्या कोरड्या मिठाचा भार तिच्या नावावर टाकला होता.

"आपलं घर कोरडं आहे," पडद्यातली बाई बोलली. "काळजी नसावी."

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी पावसानं तासभर उघडीप दिली. वैजयंतीनं परसातली शिडी सांध्यापाशी लावली, प्रल्हादच्या जुन्या पेटीतली पक्कड कमरेला खोचली आणि साडीचा कासोटा मारून वर चढली. अठ्ठावन्न वर्षांची बाई ओल्या शिडीवर चढताना दिसली की आळीतलं कुणीही दारात येणारच. शकुंतलाही आली. दोन्ही हात कमरेवर, डोळे बारीक.

"आता वर काय करायलाय?" तिनं खालून विचारलं.

"तुझ्या भितीतलं पाणी काढायलीय," वैजयंती म्हणाली. "माझंच पाणी हाय ते. वरीसभर तुझ्याकडं येत हुतं. मला परवा कळलं."

शकुंतलेनं यावर विश्वास ठेवला असं नाही.

काठाच्या टोकाला डबी होती. वैजयंतीनं तिचं झाकण उचकटलं. आत लाल, काळी, पिवळी, अशा तारांचा गुंता. तिनं पक्कड काढली आणि तिचा हात तसाच राहिला. कुठली तोडायची? पाऊस दरीतून वर येताना दिसत होता.

खालची खिडकी उघडली. प्रल्हाद खिडकीच्या गजांना धरून उभा होता. अंगावर शाल, श्वास आताच चढलेला. तो बायकोकडे बघत होता आणि वैजयंतीला वाटलं, आता हा म्हणणार, राहू दे. तसं तो म्हणाला असता, तर तिचा हात खाली आला असता की नाही, हे तिला नंतरही कधी सांगता आलं नाही.

"काळी नको," तो म्हणाला. "पिवळी नको. तांबडी धर. मुळाशी तोड, आणि तोडलेलं टोक पट्टीला लागू देऊ नको." मग दम खाऊन पुढं, "डाव्या अंगाला खटका हाय, तो खाली दाब. झडपा उघडतील. न्हायतर पन्हळ फुटंल."

वैजयंतीनं तांबडी तार तोडली. खटका दाबला. छपराच्या कडेनं टकटक करत झडपा एकेक उघडत गेल्या आणि तुंबलेलं पाणी पन्हळीतून धो धो परसात पडलं. घरातून पडद्यावरच्या बाईचा आवाज आला, पहिल्यांदाच वेगळा. "कळ्यांशी संपर्क तुटला आहे." प्रल्हादनं खिडकी लावून घेतली.

"आता सांध्याला काय बांधणार?" शकुंतलेनं खालून विचारलं. आवाजातली धार गेली नव्हती, पण प्रश्न कामाचा होता. "उघडी ऱ्हायली ती बाजू. दोनी घरात पाऊस शिरंल."

"गवत हाय का तुझ्याकडं उरल्यालं?"

शकुंतला आत गेली. मग ती आणि हिंदुराव मिळून मेमधली उरलेली एक झडी घेऊन आले. हिंदुरावनं ती वर सरकवली आणि वैजयंतीनं ती धाकट्याच्या झडीच्या कडेवर हातभर चढवून बांधली. भर आषाढात झडी बांधणारी माणसं आळीनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

त्या रात्रीपासून पाऊस थांबला नाही. बारसं झालं. वैजयंती गेली नाही. तिला कुणी पुन्हा बोलावलंही नव्हतं. भिंतीतून पाळण्याची गाणी ऐकू आली, नाव मात्र ऐकू आलं नाही. प्रल्हादचं अंथरूण तिनं स्वयंपाकघराकडे हलवलं, मधल्या भिंतीपासून होता होईल तेवढं दूर. चौथ्या दिवशी त्याच्या छातीत पहिली शिट्टी वाजली. सातव्या दिवशी नळी लागली. तो तक्रारीचं एक अक्षर बोलला नाही, आणि वैजयंतीही त्याला हवं नको बघण्यापलीकडे फार बोलली नाही. ती त्याची पाठ चोळायची, त्याच्यासाठी पाणी गरम करायची, आणि मधूनच हात थांबवून त्याच्याकडे बघायची, आणखी काय काय ठीक आहे म्हणून ठेवलं असेल यानं, असं मनात येऊन. ते येणं काही बंद होईना.

दहाव्या दिवशी सकाळी तिनं आमटीत घालायला मीठ घेतलं, तर चमचा ओला झाला. बरणीच्या तळाशी दोन बोटं पाणी.

ती बरणी तशीच उचलून वैजयंती पलीकडे गेली. शकुंतला ओट्यापाशी होती. वैजयंतीनं बरणी तिच्यापुढं ठेवली.

शकुंतलेनं बरणीत डोकावलं. बोट बुडवलं, जिभेला लावलं. मग ती उठून बाळंतिणीच्या खोलीत गेली. वैजयंतीला दारातून दिसत होतं. ती भिंतीवरून तळवा फिरवत होती, डागांवरून, एकेका डागावर थांबत. पाळण्याच्या वरच्या डागावर तिनं तळवा टेकवून ठेवला.

"सुकायला लागल्यात," ती तिकडूनच म्हणाली. आणि मग, न वळता, "आत या, आक्का. पोरगी जागी हाय."

प्राजक्तानं पोर उचलून वैजयंतीच्या मांडीवर दिली. अठरापैकी एका दुपट्यात गुंडाळलेली होती ती. नाक मोकळं, श्वास इतका हलका की तो लागतोय की नाही हे बघायला वैजयंतीला कान खाली न्यावा लागला.

"नाव काय ठेवलं गं?"

"अजून कानात नीट सांगितलंच न्हाय," शकुंतला म्हणाली. "म्हटलं, थोरलीनं सांगावं."

तेवढ्यात भिंतीपलीकडे ढास लागली. आधी एक खोकला, मग दुसरा, मग न थांबणारी, ओली, खोल ढास. मधली भिंत जाड होती तरी स्वयंपाकघरातून ती अगदी स्पष्ट येत होती. शकुंतलेनं वैजयंतीकडे बघितलं, प्राजक्तानंही. मांडीवरच्या पोरीनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

वैजयंतीचा एक पाय उठण्यासाठी हललेला होता. तिनं तो तसाच परत मुडपला, पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि विचारलं, "काय सांगू हिला? नाव सांगा."